चित्रातील दारे : सिहोरा ते अजिंठा

तुमसरहून बालाघाटकडे जाणाऱ्या रस्त्यावर सिहोरा हे भंडारा जिल्ह्यातील गाव लागते. सभोवार धानाची शेते, जवळच चांदपूरचा विस्तीर्ण जलाशय आणि थोडे पुढे गेले की मध्य प्रदेशाची हद्द. या गावात एका धान्य-व्यापारी जैन कुटुंबाचे जुने घर आहे. पुढे पेढी, मागे धानाचे कोठार, आणि या दोहोंना जोडणारी, रस्त्याच्या बाजूने सरळ गेलेली लांब ओसरी. त्या भागात तिला छपरी म्हणतात. छपरीला सागवानी खांब आठ. याच खांबांना टेकून तीन पिढ्यांनी हिशेब मांडले, याच खांबांभोवती मुले लपंडाव खेळली, आणि दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला याच छपरीत शत्रुंजयाचा पट उलगडला जातो.

घरातील दोन बंधूंचे वहीखाते वेगळे होऊन पुष्कळ वर्षे झाली. चुली त्याही आधी वेगळ्या झाल्या होत्या. त्यात कटुता फारशी नव्हती. व्यापार वाढला की खाती वेगळी करावी लागतात, हे व्यापारी घरात कोणाला सांगावे लागत नाही. आता मात्र पुढच्या पिढीला घराचीही वाटणी हवी होती. थोरल्या बंधूंची नात नागपूरला वास्तुशास्त्र शिकते, म्हणून नकाशाचे काम तिच्याकडेच आले. तिने छपरीच्या मधोमध नऊ इंची भिंत दाखविली. चार खांब इकडे, चार तिकडे. हिशेब चोख जुळत होता. थोरले बंधू, ज्यांना गावात सारे सेठजी म्हणतात, त्यांनी तो कागद दोनदा पाहिला, घडी घालून गल्ल्यात ठेवला आणि म्हणाले, नवे धान बाजारात आल्यावर बघू.

त्या आधीच्या रिकाम्या दिवसांत, पर्युषण आटोपल्यावर आणि धानाची आवक सुरू होण्यापूर्वी, नातीने आजी-आजोबांना अजिंठ्याला नेण्याचे ठरविले. तिला अभ्यासासाठी जायचेच होते. चातुर्मासात लांबचा प्रवास नको, असे दादीजींचे मत पडले. पण नातीपुढे ते फार टिकले नाही.

तुमसर रोड स्थानकावरून महाराष्ट्र एक्स्प्रेसने जळगाव हा दिवसभराचा प्रवास. सोबत खाखरे, उकळून गाळलेले पाणी आणि सूर्यास्तापूर्वी उरकायचे जेवण. नागपूर येण्यापूर्वी नातीने उत्तरेकडे हात करून सांगितले की त्या दिशेला रामटेक आणि त्याच्या पायथ्याशी नगरधन आहे. नगरधन म्हणजे प्राचीन नंदिवर्धन, वाकाटकांच्या थोरल्या शाखेची राजधानी. दुसरी शाखा वत्सगुल्म, म्हणजे आजच्या वाशीमला नांदत होती. तिच्यातील हरिषेण राजाच्या काळात, पाचव्या शतकात, अजिंठ्यातील बहुतेक मोठी चित्रे रंगली. अजिंठा मराठवाड्यात असला, तरी ज्यांच्या छत्राखाली तो सजला त्या राजकुळाची मुळे विदर्भातच होती. वैनगंगेच्या काठच्या माणसाने तिथे स्वतःला अगदी परका समजण्याचे कारण नाही.

(जाणाऱ्यांच्या माहितीसाठी : अजिंठा सोमवारी आणि वेरूळ मंगळवारी बंद असते. हे लक्षात न ठेवल्याने अनेक कुटुंबे पायथ्याशी येऊन परततात.)

वाघूर नदीने कोरलेल्या, घोड्याच्या नालेसारख्या वळणाच्या त्या दरीत दादीजी पहिल्या लेण्यापर्यंतच चढल्या. डोलीची सोय होती. परंतु माणसाच्या खांद्यावर बसणे त्यांना मान्य नव्हते. गुडघ्यांवर हात ठेवीत, थांबत थांबत त्या क्रमांक एकच्या लेण्यात पोहोचल्या आणि तिथेच बसल्या. तिघांचाही बराचसा वेळ मग याच लेण्यात गेला, हे एका दृष्टीने बरेच झाले. अजिंठ्याची तीस लेणी एका दिवसात पाहणारा प्रवासी बहुधा एकही पाहत नाही.

आत शिरताच प्रथम काहीच दिसत नाही. मंद दिव्यांना डोळे सरावले की भिंतीतून हळूहळू माणसे बाहेर येऊ लागतात. सेठजींचे लक्ष मात्र आधी गेले ते एका झिजलेल्या कडेकडे, जिथे रंग उडून खालचा गिलावा उघडा पडला होता. नातीने सांगितले की खडकावर मातीचा लेप देताना त्यात वनस्पतींचे तंतू आणि धानाचे तूस मिसळीत. त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग. सेठजींनी ते पुन्हा विचारून घेतले. धानाचे तूस? सिहोऱ्याच्या कोठाराच्या भिंतीतही मातीबरोबर तेच होते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या भिंतीत आपल्या ओळखीचा माल निघाल्याचा आनंद व्यापाऱ्यालाच कळावा.

डाव्या भिंतीवर महाजनक जातकाची चित्रे आहेत. कथा एका राजपुत्राची आहे, पण तिचा आरंभ व्यापारात होतो. गमावलेले राज्य मिळविण्यासाठी द्रव्य हवे, म्हणून महाजनक जहाजाने व्यापाराला निघतो. जहाज फुटते. तो सात दिवस समुद्रात पोहत राहतो आणि अखेरीस मिथिलेला पोहोचून राजा होतो. सीवली राणी, वैभव, नृत्य, सारे काही मिळाल्यावर एके दिवशी उद्यानात त्याला आंब्याची दोन झाडे दिसतात. फळांनी लगडलेले झाड लोकांनी फांद्या मोडून ओरबाडून टाकलेले. दुसरे, ज्याला फळच नव्हते, ते हिरवेगार आणि धड उभे. राजा महालात परततो तो मनाने गृहस्थ राहिलेला नसतो.

भिंतीवर ही कथा ओळीने मांडलेली नाही. चौकटी नाहीत, विभागणाऱ्या रेषा नाहीत. मग एक प्रसंग कोठे संपला आणि दुसरा कोठे लागला, हे कसे कळावे? नातीने बोट दाखविले ते माणसांकडे नव्हे, घरांकडे. बारीक, रंगीत खांबांचा एक मंडप. त्याखाली राजा आणि राणी बसलेली. बाजूला नर्तकी आणि वादक स्त्रिया. मंडपाला छत आहे, खांब आहेत, मात्र भिंत नाही. पुढे एक वेस. त्या वेशीतून राजा परिवारासह बाहेर पडतो तो तपस्व्याच्या दर्शनाला. पुन्हा मंडप, पुन्हा राणी. राजा तिला आपला निश्चय सांगतो. आणि पुन्हा वेस. या वेळी राजा घोड्यावर स्वार होऊन तिच्यातून निघतो तो परत न येण्यासाठी.

अजिंठ्याच्या चित्रकाराला वास्तू हुबेहूब काढता येत नव्हती, असे समजणे चूक ठरेल. लाकडी छताच्या तुळया आणि खांबांवरची कलाकुसर त्याने किती बारकाईने टिपली आहे ते पाहावे. मोजमाप मात्र त्याने बुद्ध्याच सोडून दिले. मंडप इतका लहान की आतली माणसे उभी राहिली तर डोकी छताला लागतील. वेस एवढीशी की तिच्यातून हत्ती जाणे अशक्य, तरी तो जातो. अभियंत्याने हा नकाशा नामंजूर केला असता. परंतु चित्रातील घर राहण्यासाठी बांधलेले नसते. ते आत कोण आहे, बाहेर कोण आहे, आणि कोण आतून बाहेर निघाला आहे, एवढे सांगण्यासाठी असते. भिंत गाळली की राजाचे मन दिसते. वेस काढली की त्याची क्रिया दिसते. मंडप म्हणजे असणे आणि वेस म्हणजे जाणे, असे त्या भिंतीवरचे व्याकरण आहे.

दादीजी बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, “ही तर आपल्या नमिराजाची गोष्ट आहे.”

त्यांचे म्हणणे अचूक होते. उत्तराध्ययन सूत्राच्या नवव्या अध्ययनातील नमि राजर्षी हेही मिथिलेचेच राजे. दाहज्वराने पीडित राजासाठी राण्या चंदन उगाळीत होत्या, त्यांच्या कंकणांचा आवाज सहन होईना, तेव्हा प्रत्येकीने हातात एकेकच कंकण ठेवले आणि आवाज थांबला; एकटेपणातील शांती राजाला त्यातून उमगली, ही कथा जैन घरांतील मुलेही जाणतात. मिथिला जळत असली तरी माझे काही जळत नाही, या आशयाचे उद्गार बौद्ध परंपरेत महाजनकाच्या आणि जैन परंपरेत नमींच्या तोंडी आहेत. ओरबाडलेल्या आम्रवृक्षाचा प्रसंगही आपल्याकडे आहे. तो चार प्रत्येकबुद्धांपैकी नग्गति राजाच्या नावावर आहे. एकाच भूमीतील दोन परंपरांनी एकच पुंजी आपापल्या खात्यात नोंदवावी, तसे हे आहे.

परंतु नवव्या अध्ययनात आणखी एक गोष्ट आहे, आणि चित्रातील वास्तूच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची. ब्राह्मणाच्या वेषात आलेला इंद्र नमींना अडवितो तो धर्मशास्त्राचे प्रश्न विचारून नव्हे. तो त्यांना बांधकामे सुचवितो. आधी तट उभारा, गोपुरे आणि बुरूज बांधा, खंदक खणा, मग जा. आधी प्रासाद बांधा, उत्तम गृहे बांधा, मग जा. नमी पहिल्याचे उत्तर वास्तूच्याच भाषेत देतात. त्यांच्या नगराचा तट क्षमेचा आहे आणि दाराचा अडसर तप-संयमाचा. दुसऱ्याला मात्र त्यांचे उत्तर वेगळे आहे. वाटेत घर बांधणाऱ्याच्या मनात आपल्या मुक्कामाविषयी शंका असते. जिथे जायचे तिथेच घर करावे, असा त्याचा भाव. अजिंठ्याच्या चित्रकाराने हे सूत्र वाचले होते असे म्हणण्यास आधार नाही. तरी त्याच्या भिंतीवरच्या मंडपात आणि वेशीत तोच संवाद चालू आहे. बैठक सजलेली आहे, राणी विनवीत आहे आणि वेस उघडी आहे.

सेठजींनी तेव्हा एवढेच विचारले की वेशीला दारे का काढली नाहीत. नातीने पुन्हा निरखून पाहिले. कमान आहे, खांब आहेत. अडविणारी फळी कोठे दिसत नाही. तिला उत्तर सुचले नाही.

सतराव्या लेण्यात दादीजी आल्या नाहीत. तिथे विश्वंतर जातक आहे. दानशूर राजपुत्राने राज्याचा मंगल हत्ती देऊन टाकला म्हणून प्रजेने त्याला हद्दपार करविले. मंडपात तो पत्नी माद्रीला ही वार्ता सांगतो. पुढे त्याचा रथ बाजारपेठेतून जातो आणि दुकानांत बसलेले व्यापारी त्याच्याकडे पाहताना दिसतात. सेठजी या ठिकाणी रेंगाळले. राजपुत्राच्या मंडपाला भिंत नाही तशी दुकानांनाही नाही. पण दुकानातला माणूस आतच बसून आहे आणि राजपुत्र जातो आहे. आपल्याकडे पेढीवर बसलेला माणूस असाच रस्त्याकडे तोंड करून बसतो. सारे जग त्याच्यासमोरून जाते, आणि ते पाहणे हाही त्याच्या धंद्याचाच भाग असतो.

खाली आल्यावर हे सारे त्यांनी दादीजींना सांगितले. डोळ्यांनी न पाहता त्यांनी ते पाहिले, आणि सेठजींच्या सांगण्यातील दोन चुकाही काढल्या.

संध्याकाळी लवकर जेवण उरकून तिघे फर्दापूरच्या मुक्कामाच्या अंगणात बसली. नातीने मोबाइलवर दूरदेशीची काही चित्रे दाखविली. पहिले जपानचे. बाराव्या शतकात गेंजीच्या कथेवर तेथे चित्रांच्या लांब गुंडाळ्या रंगविल्या गेल्या. त्या चित्रकारांनी घराची भिंत नव्हे, छतच काढून टाकले. पाहणारा जणू वरून खोलीत डोकावतो. पडदे, सरकती दारे आणि तुळया तिरप्या रेषांनी काढलेल्या. प्रसंगात दुःख दाटले की त्या रेषा अधिक उभ्या चढतात. माणसांचे चेहरे जवळजवळ निर्विकार आहेत. रडायचे काम घराकडे दिले आहे.

दुसरे चित्र हेरातचे, १४८८ सालचे, बिहजाद या थोर चित्रकाराचे. युसूफ नावाच्या सत्शील तरुणाला मोहात पाडण्यासाठी झुलेखा त्याला एकामागून एक सात दालनांतून नेते आणि प्रत्येक दाराला मागून कुलूप लावते. कथेत ही दारे पुढे आपोआप उघडतात. चित्रात मात्र ती घट्ट मिटलेली आहेत. जिने वळणे घेत वर चढतात आणि अगदी वरच्या कोपऱ्यात युसूफ तिच्या हातून निसटतो आहे. माणसे दोनच. बाकी सारे पान वास्तूने भरलेले. मोह किती पायऱ्यांनी आणि किती दारांनी माणसाला आत घेतो, हे चित्रकाराने शब्दावाचून दाखविले आहे. दादीजींना सुदर्शन सेठ आठवले, हे सांगायला नकोच. राजमहालात नेला गेलेला चंपानगरीचा तो व्यापारी, ज्याला अभया राणीचे कोणतेही दार अडकवू शकले नाही. आपल्या कथेला असा चित्रकार मिळायला हवा होता, असे क्षणभर वाटल्यावाचून राहत नाही.

तिसरे चित्र फ्लॉरेन्सचे. तेथील सान मार्को मठात, जिना चढून वर गेले की समोरच्या भिंतीवर फ्रा अँजेलिको या साधू-चित्रकाराने १४४० च्या सुमारास काढलेले. देवदूत मरियमेला शुभवार्ता सांगत आहे. दोघांवर एक साधी कमानींची ओसरी आहे आणि दोघांच्या मधल्या जागेत एक सडपातळ खांब. बाहेर कुंपण घातलेली बाग, मागे जाळीची छोटी खिडकी. त्या परंपरेत कुंपणाची बाग म्हणजे कौमार्याचे पावित्र्य, आणि मधला खांब म्हणजे दोन लोकांमधली सीमा; वार्ता ती ओलांडते, देवदूत ओलांडीत नाही. चित्रातील ओसरी त्या मठाच्याच ओसरीसारखी आहे. मठाचे नवे बांधकाम नुकतेच झाले होते आणि त्याचा खर्च कोसिमो द मेदिची या सावकाराने उचलला होता. सेठजींना यातला सावकार विशेष आवडला. पेढीचा पैसा धर्मस्थानाला लागावा, हे जगात सगळीकडेच चालत आलेले दिसते.

तीन चित्रे, तीन धर्म, तीन देश. कोणी छत काढले, कोणी कुलपे लावली, कोणी मधोमध खांब रोवला. या सर्वांना एकाच अर्थाच्या दोरीत ओवण्याचा मोह अभ्यासकांना होतो. तो आवरलेलाच बरा. मिटलेले दार हेरातला मोहाचे असते, तर आपल्या उत्तराध्ययनात तोच अडसर संयमाचा होतो. अर्थ दारात नसतो. तो दारापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या दिशेत असतो.

दुसऱ्या दिवशी वेरूळ. कैलास लेण्यात गर्दी होती, म्हणून तिघे थेट उत्तर टोकाच्या जैन लेण्यांकडे गेली. क्रमांक ३० ते ३४ ही ती लेणी. त्यांतील बत्तिसावे इंद्रसभा या नावाने प्रसिद्ध आहे. वरच्या मजल्याच्या छतावर नवव्या शतकाच्या सुमाराची चित्रे अजून टिकून आहेत, धुराने आणि काळाने काळवंडलेली. आकाशातून जाणाऱ्या आकृती, मेघ, नक्षी. वास्तू त्यांत फारशी नाही. ती आहे खाली, अंगणात, आणि रंगाची नव्हे तर दगडाची. एकाच खडकातून कोरलेले सर्वतोभद्र मंदिर, चारही बाजूंनी उघडे, आत चारही दिशांना मुख केलेल्या जिनमूर्ती. येथे दादीजींना कोणी काही समजावून सांगण्याची गरज पडली नाही. त्यांनी आत पाऊल टाकण्यापूर्वीच हात जोडले आणि म्हणाल्या, “समवसरण.”

समवसरण हे जैन चित्रकलेतील सर्वांत परिचित वास्तुचित्र. कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांत ते हमखास असते. इतर चित्रांतही घरे आहेतच. त्रिशला माता छताखालच्या शय्येवर निद्रिस्त आहे आणि वर चौदा स्वप्ने. नेमिनाथांच्या विवाहात एकीकडे लग्नमंडप आणि दुसरीकडे कोंडलेल्या पशूंचा वाडा. दोन वास्तू समोरासमोर, आणि त्या दोहोंतून वाट काढून परत फिरलेले नेमिकुमार. त्या पानावर मंडप आणि कोंडवाडा यांच्यात फारसा भेद उरत नाही, ही चित्रकाराची करामत की कथेचीच, हे ठरविणे कठीण आहे.

समवसरणाच्या चित्रात मात्र पाहण्याची रीतच बदलते. एकात एक तीन तट, रौप्याचा, सुवर्णाचा आणि रत्नांचा. ते पक्ष्याच्या दृष्टीने, वरून पाहावे तसे वर्तुळाकार किंवा चौकोनी काढलेले. चार दिशांची दारे मात्र समोरून पाहावी तशी. मध्यभागी भगवंत. दोन दृष्टी एकाच पानावर. आधुनिक नकाशात याला चूक म्हणतील. नातीने मात्र सांगितले की तिच्या अभ्यासक्रमातही वरून आणि समोरून असे दोन वेगळे नकाशे काढावेच लागतात, जुन्या चित्रकाराने ते एकाच कागदावर उरकले एवढेच. वर्तुळ सांगते की मध्य एक आहे. दारे सांगतात की वाटा चार आहेत. परंपरेनुसार बाहेरच्या तटाआत वाहने थांबतात, मधल्या तटाआत तिर्यंच प्राणी बसतात आणि सर्वांत आत देव, मनुष्य व साधू-साध्वी. चित्रात तटाच्या बाहेर, कोपऱ्यांत जन्मवैरी प्राणीही शेजारी शेजारी काढलेले असतात. तीन तट असूनही कोणाला अडविले गेलेले नाही. तट येथे संरक्षणासाठी नाही, क्रमासाठी आहे.

परतीच्या गाडीत नातीने मांडीवर कागद घेऊन छपरीचे आठ खांब पुन्हा काढले. मधल्या भिंतीत तिने पेन्सिलने एक दार दाखविले, साडेतीन फुटांचे. सेठजींनी ते पाहिले आणि कडी कोणत्या बाजूला, असे विचारले. दोन्ही बाजूंना, असे ती म्हणाली. मग दोघांनी लावली तर उघडायचे कोणी? या प्रश्नावर पुढची दोन स्थानके गेली. दुसऱ्या बाजूच्या काकांना दार मान्य होईल का, हा प्रश्न तर अजून कोणी विचारलाच नव्हता.

दादीजी खिडकीपाशी बसल्या होत्या. पालिताण्याला शत्रुंजयाच्या साडेतीन हजारांच्या आसपास पायऱ्या त्यांनी लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी चढल्या होत्या. त्यानंतर गुडघ्यांनी ते होऊ दिले नाही. म्हणून त्यांची यात्रा दरवर्षी कार्तिकी पौर्णिमेला छपरीतच होते. पावसाळ्याचे चार महिने बंद असलेली गिरिराजाची यात्रा त्या दिवशी सुरू होते, आणि ज्यांना जाता येत नाही ते गावोगावी पटाचे दर्शन घेतात. कापडावर डोंगर, त्यावर एकाशेजारी एक शिखरे, तट, पोळी, वळणावळणाची वाट आणि तिच्यावर मुंगीएवढे यात्रेकरू. या पटातही घरांची मापे खरी नाहीत. आदिनाथांचे देऊळ डोंगराएवढे आहे आणि तळाशी असलेले पालिताणा गाव मुठीएवढे. ज्याला मनाने चढायचे आहे त्याला हेच माप खरे वाटते. दादीजी पटासमोर उभ्या राहून पहिल्या पोळीपासून बोटाने वाट धरतात, प्रत्येक देवळाशी थांबतात, हात जोडतात आणि पुढे जातात. धाकट्या जाऊबाई त्यांच्या शेजारी उभ्या असतात. चुली वेगळ्या झाल्या त्या वर्षीही होत्या.

गाडी वर्ध्याच्या पुढे गेली तेव्हा त्यांनी नातीकडे कागद मागितला. चष्मा लावून खांब मोजले, एकदा इकडून आणि एकदा तिकडून.

“पट सहा खांबांएवढा लांब आहे,” त्या म्हणाल्या. “तो लावायचा कुठे?”